दोन बोटं वर

लिफ्ट तिसऱ्या मजल्याला थांबली खरी, पण मजल्याच्या दोन बोटं वर. दार उघडलं, आणि उघडल्यावर ती आणखी केसभर वर सरकून मग गप्प झाली. आईला यातलं काही कळलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून, चष्मा कपाळाकडे सरकवून, आई बटणांच्या वरच्या चौकटीतला तपासणीचा कागद दुसऱ्यांदा वाचत होती. पहिल्यांदा तिने तो तळमजल्यावर वाचला होता, बाहेर उभं राहून, दार काठीने अडवून. मागे ताटकळलेल्या दोन माणसांनी कंटाळून शेवटी जिना धरला, तरी तिचं वाचन चालूच होतं. "तुझीच सही आहे," असं म्हणून मगच तिने पाऊल आत टाकलं. हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. ज्या लिफ्टच्या कागदावर लेकीची सही नाही तिच्यात आई बसत नाही, गुडघे बोंबलत असले तरी जिना चढते. लेक म्हणजे लिफ्टची तपासनीस, पंचेचाळिशीला टेकलेली, केसांत पांढरं उतरलेली, आणि आईच्या तोंडी अजून चिमी. "चिमे, तुला इथंच उतरायचं ना? मग उतर की," आई म्हणाली, आणि ती उतरली. दोन बोटांची ती पायरी तिच्या टाचेला नीट कळली. वळून काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, तोवर दार मिटलं होतं.

ती तिथेच उभी राहून दारावरचे आकडे बघत राहिली. चार. पाच. पाचावर दिवा स्थिर झाला, वरून काठीची टकटक ऐकू आली, कुठलंसं दार वाजलं, आणि फिजिओच्या दवाखान्यातल्या बाईचा "या आजी" असा लाडिक आवाज आला. म्हणजे पोचली. तिने श्वास सोडला आणि सोडल्याबरोबर तिला स्वतःचा राग आला. बोलली का नाही? दुसऱ्या कुणाची सही असती तर तिने तिथल्या तिथे आईला बाहेर ओढलं असतं, चौकीदाराला हाक मारली असती, दारावर फुली मारली असती. पर्समध्ये खडू होता, स्क्रूड्रायव्हर होता, बॅटरी होती. दोन बोटं म्हणजे काय हे तिला पुस्तकात बघावं लागत नव्हतं. लोकांना वाटतं ब्रेक गेला की लिफ्ट खाली कोसळते. तसं होत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात आणि एक-दोन माणसांच्या लिफ्टपेक्षा ती जड भरतात. ब्रेक ढिला झाला की हलकी लिफ्ट वर ओढली जाते, हळूहळू, आवाज न करता, दार उघडं असताना सुद्धा. आई एकटी म्हणजे आणखी हलकी. आणि आईचा एक पाय बाहेर पडल्यावर दुसरा निघायला किती वेळ लागतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सव्वाअकराला आईचे उपचार संपणार होते. आता दहा वाजून दोन मिनिटं झाली होती, आणि वर्ग सुरू झाला होता.

वर्ग म्हणजे खात्याने भरवलेलं शिबिर. बढतीच्या यादीत ज्यांची नावं होती त्यांनी ते केलंच पाहिजे असा हुकूम होता, आणि ते या इमारतीत आहे म्हटल्यावर तिने मुद्दाम मंगळवारची तुकडी मागून घेतली होती. आई पाचव्यावर, आपण तिसऱ्यावर, एका खेपेत दोन कामं. शिकवणारी बाई तिच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान, आवाजात गोडवा आणि हातात रंगीत खडू. तिने फळ्यावर चार खिडक्या काढल्या होत्या. पहिली परिणामांची, म्हणजे कशाने जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं. दुसरी कर्तव्याची: परिणाम काहीही होवो, काय करणं बंधनकारक आहे. तिसरी स्वभावाची, असं वागून मी कसला माणूस होते. चौथी नात्यांची, माझ्यावर विसंबून कोण आहे. प्रत्येकाने आधी आपली तीन मूल्यं लिहायची, मग नोकरीतला एक खराखुरा निर्णय घ्यायचा, त्याच्याकडे चारही खिडक्यांतून बघायचं आणि तळाच्या चौकोनात उत्तर लिहायचं. शेजारी बॉयलर तपासणारा बसला होता, तिच्याच वेळी नोकरीला लागलेला, पोट सुटलेला, मनाने सज्जन. "तीन लिहायला सांगितलीत," तो कुजबुजला, "एक तरी सापडतंय का बघतो." एरवी ती हसली असती. आज तिने कागदावर 'सुरक्षा' लिहिलं, मग 'खरेपणा' लिहिलं, आणि तिसऱ्या ओळीवर पेन टेकवून बसली. मागच्या भिंतीतून घरघर आली. ती भिंत लिफ्टची होती. कुणीतरी वर चाललं होतं.

निर्णय शोधत हिंडायची तिला गरज नव्हती, तो आ वासून पुढ्यात उभा होता. मोठ्या साहेबांनी तिला टेबलावरची जागा देऊ केली होती आणि आज संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायला सांगितलं होतं. टेबलावर बसायचं, देखभाल करणाऱ्या कंपन्या फोटो नि चित्रफिती पाठवतात त्या बघायच्या, आणि सही करायची. उन्हातान्हात हिंडणं नाही, गच्चीवरच्या तापलेल्या खोल्यांत वाकणं नाही. दुपारी घरी जाऊन आईला जेवायला वाढून येता येईल. दोन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामाच्या गच्चीवर होती. आई दीड तास फरशीवर पडून होती, आणि वर "तुझ्या कामात कशाला लुडबुड" म्हणून फोन केला नव्हता. तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मागच्या महिन्यात टेबलावरचा माणूस रजेवर गेला तेव्हा तीन आठवडे तिनेच ते काम करून पाहिलं होतं. एकसष्ट सह्या. नियमात बसणाऱ्या, कारण नियमच बदलला होता. छापील कागद तेवढा जुनाच राहिला होता, आणि त्यावर ओळ होती: 'मी स्वतः या लिफ्टमध्ये बसून तपासणी केली आहे.' पहिल्या दिवशी तिने त्या ओळीवर पेनाने आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. असे चार कागद झाले. साहेबांनी बोलावून सांगितलं की अहो बाई, चौकटीत लावायचा कागद हा, खाडाखोड दिसली की लोक घाबरतात. नवीन कागद छापून येतीलच. नवीन कागद आले नाहीत. पाचव्या कागदापासून तिने रेघ मारली नाही. या इमारतीच्या लिफ्टचा कागद त्यानंतरचा. हात इतका सहज पुढे गेला होता की तो क्षण आता आठवू म्हटलं तरी आठवेना, आठवत होता तो टेबलावरचा पंखा आणि थंड झालेला चहा.

वस्ताद असते तर काय म्हणाले असते? काहीच म्हणाले नसते, चप्पल काढली असती. तिला काम शिकवणारे जुने तपासनीस ते, खात्यात सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. हिच्या पहिल्या दिवशी त्यांनी तिला लिफ्टमध्ये उभं केलं, स्वतःच्या वहाणा काढून दाराबाहेर ठेवल्या, तिलाही काढायला लावल्या. लोक बघून हसत होते. दहा मजले वर, दहा मजले खाली, मधे प्रत्येक मजल्याला थांबा. "पाय काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. ती घाबरत म्हणाली, काहीच नाही. "मग कर सही," ते म्हणाले. "पाय काहीतरी म्हणायला लागले की करायची नाही. डोळ्यांना काय, कुणीही गंडवतं." पुढे तीच सवय तिला जडली आणि जित्याची खोड म्हणतात तशी गेली नाही. गावभर तिला अनवाणी बाई म्हणू लागले. आईने तेवढ्यासाठी तिला काढता-घालता येतील अशा चपला घेऊन दिल्या होत्या. आत्ता टेबलाखाली तिने त्या चपला काढल्या आणि तळवे फरशीवर टेकवले. घरघर भिंतीतून फरशीत उतरत होती, तिच्या पोटऱ्यांपर्यंत येत होती. लिफ्ट थांबली. मग एक बारीकसा धक्का, थांबल्यानंतरचा. दुसऱ्या कुणालाही तो कळला नसता. शिकवणारी बाई म्हणत होती की मूल्य म्हणजे ज्याच्यासाठी आपण किंमत मोजायला तयार असतो ते.

पण अनवाणी पायांचं कौतुक तरी किती करायचं? एका नऊ मजली इमारतीची लिफ्ट तिने अशीच बंद केली होती, पायांना थरथर जाणवली म्हणून. सुटा भाग यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन चढली, एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं, आणि आठव्या मजल्यावरची एक बाई, दिवस भरत आलेली, जिन्यात तिला आडवी आली. "तुमच्या पायांना कळतं म्हणे," ती बाई धापा टाकत म्हणाली होती, "एकदा माझ्या पायांना विचारा." ती भिंतीला सरून वाट देत उभी राहिली होती. पहिल्या खिडकीतून बघितलं तर तेव्हाची ती चुकलेली होती आणि मागच्या महिन्यातली बरोबर होती: एकसष्ट लिफ्ट चालू झाल्या, एकसष्ट इमारतींतली माणसं जिन्यातून सुटली, आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. दुसऱ्या खिडकीतून, नियमाने मुभा दिली होती. चौथीतून, आई होती, न्हाणीघराची फरशी होती, दुपारचं जेवण होतं. तीन खिडक्या एकमुखाने हो म्हणत होत्या. तिसरीकडे ती बघत नव्हती. तिने कागदावर तिसरी खिडकी सोडून बाकीच्या तीन भरून काढल्या, सुवाच्य अक्षरात, मुद्देसूद. वाचून बघितलं तर ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटलं, आणि खोटं त्यात एकही वाक्य नव्हतं. एवढं सगळं खरं असताना मनात पाल का चुकचुकत होती, तेच तिला समजेना. पुन्हा घरघर. दहा चाळीस.

आईला असल्या खिडक्या कधी लागल्या नव्हत्या. आई कपड्याच्या कारखान्यात तयार कोट तपासायची. तपासलेल्या प्रत्येक कोटाच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी जायची, तिच्यावर फक्त आकडा, चौदा. हा आईचा आकडा. लहानपणी बाजारात एखाद्या अनोळखी माणसाच्या अंगात ओळखीचा कोट दिसला की आई कोपराने डिवचून म्हणायची, माझा आहे बरं का तो. एकदा एक कोट दुकानातून परत आला, बाही खांद्यापाशी उसवलेली, खिशात चिठ्ठी चौदा. मुकादम म्हणाला, टाका मारा नि पाठवून द्या, एकाच कोटाचा तर प्रश्न. आईने ऐकलं नाही. एक परत आला म्हणजे त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, म्हणून तिने त्या दिवशीचा अख्खा गठ्ठा गोदामातून परत मागवला आणि दोन रविवार बिनपगारी बसून उलगडला. उसवलेले किती निघाले? एकही नाही. मुकादम वर्षभर तिला हसत होता. चिमीने तेव्हा विचारलं होतं की मग उगाचच ना गं बसलीस, आणि आईने सुई दातात धरून मान हलवली होती. ती हो होती की नाही होती, हे शाळकरी चिमीला उमगलं नव्हतं.

जोडीने चर्चा करा, असं फर्मान सुटलं. बॉयलरवाल्याने खुर्ची वळवली आणि आपला निर्णय सांगितला. तो निवृत्ती आधीच घ्यायची की नाही असा काहीसा होता, तिने अर्धा ऐकला. मग त्याने तिच्या कागदाकडे बघून विचारलं की तिसरी खिडकी रिकामी का, आणि तिने त्याला सांगून टाकलं, सही, रेघ, दोन बोटं, आई.  त्याने चेष्टा केली नाही. नीट ऐकलं, मान डोलावली आणि व्यवहाराचं बोलला. "कंपनीला फोन लाव. आजच्या आज ब्रेक बदलून टाकतील. कागद राहील चौकटीत, लिफ्ट होईल ठणठणीत, मग खोटं काय उरलं? झाकली मूठ राहू दे." त्यात चुकीचं काही नव्हतं. ती बाहेर जाऊन फोन करून आली. माणूस चार वाजता पोचेल, कंपनीवाला म्हणाला, आणि खालच्या आवाजात पुढे म्हणाला की सहीच्या आधीपासून तो ब्रेक जरा कुरकुरत होता, पण चित्रफितीत आला नाही, बघा. बघा, असंच म्हणाला. तिला राग यायला हवा होता. तिने नुसता फोन ठेवला. जागेवर येऊन बसली तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि बॉयलरवाला अंगठा वर करून विचारत होता, झालं ना?

झालं होतं. परिणाम तोच, कुणाचं नुकसान नाही, साहेब खूश, आई सुखरूप. चारपर्यंत आईला काहीतरी कारण सांगून जिन्याने उतरवलं की मिटलं. काय सांगायचं ते सुद्धा तिने ठरवलं: लिफ्टला गर्दी आहे. आणि तिच्या लक्षात आलं की आपण आईला सांगायचं खोटं किती पटकन, किती नेटकं जुळवलं. पेनाची रेघ न मारण्याइतकंच ते सोपं गेलं. पुढच्या इमारतीत आई पुन्हा काठीने दार अडवेल, चष्मा वर करेल, सही शोधेल. टेबलावर बसल्यावर गावातल्या सगळ्याच चौकटींत तिची सही असेल, म्हणजे आई सगळ्याच लिफ्टमध्ये बसेल. आईला वाटेल लेकीने गाव मोकळं करून दिलं.  टेबलाखाली तिचे तळवे गार पडले होते. भिंतीत घरघर सुरू झाली, खालून वर, तीन ओलांडून पुढे, आणि पाचव्याला थांबल्यासारखी वाटली.

ती पर्स घेऊन उठली. खुर्ची मागे पडली. शिकवणाऱ्या बाईने अजून दहा मिनिटं आहेत असं हसून सांगितलं, तर ही म्हणाली, "माझी आई वर आहे." बाई म्हणाली, लिफ्ट आहे की, येतील त्या. "म्हणूनच," ती म्हणाली आणि बाहेर पडली; अनवाणीच, हे तिला जिन्यात समजलं. दोन मजले ती कशी चढली ते तिच्या गुडघ्यांनाच माहीत. पाचव्यावर लिफ्ट उघडी होती आणि आत कुबडीवाला एक तरुण शिरत होता, एक पाय आत, एक बाहेर. तिने त्याला काखेत धरून मागे ओढलं. तो संतापला, प्लॅस्टरचा पाय दाखवून म्हणाला की जिना उतरायला लावणार का तुम्ही मला, कोण तुम्ही? तिने आत जाऊन लाल बटण दाबलं, खाली चौकीदाराला फोन करून गच्चीवरचा मुख्य खटका पाडायला लावला, आणि चौकटीचे चार स्क्रू सोडवले. एक स्क्रू पडून फटीतून थेट खाली गेला. भिंतीवर कागद धरून तिने ती ओळ शोधली, 'मी स्वतः या लिफ्टमध्ये बसून', तिच्यावर आडवी रेघ मारली, खाली आजची तारीख घातली, सही केली, आणि 'लिफ्ट बंद' असं लिहून पुन्हा सही केली. फोटो काढून साहेबांना पाठवला. सोबत शब्द एकही नाही. हो-नाहीचं उत्तर यात आलं, असं तिला वाटलं. कुबडीवाला अजून बोलत होता. त्याच्या प्रत्येक शब्दात तथ्य होतं, आणि ती माफी मागून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, चौकीदाराला बोलावलंय, आम्ही दोघं तुम्हाला खुर्चीत बसवून उतरवतो, आधी तुम्हाला. तसं त्यांनी उतरवलं. खुर्चीचा एक पाय तिच्या खांद्यावर होता आणि तो वाटभर तिला शिव्या देत होता.

परत वर आली तेव्हा आई दवाखान्याच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने लेकीच्या पायांकडे बघितलं, मग लिफ्टच्या बंद दिव्यांकडे, मग लेकीच्या हातातल्या रिकाम्या चौकटीकडे. तशीच उठली. एक हात कठड्याला, एक लेकीच्या दंडाला, आणि काठी लेकीच्या काखेत, अशा त्या उतरू लागल्या. आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा. चौथ्या मजल्याच्या कोपऱ्यावर आई थांबली. श्वास लागला होता. खिशात फोन वाजत होता, साहेबांचा असणार, तिने तो वाजू दिला.

"सही तुझीच होती ना?" आईने विचारलं.

"होती."

"मग?"

"मी बसले नव्हते, आई. फोटो बघून केली."

 कठड्यावरचा आईचा हात सुटला आणि पुन्हा बसला. ती रागावली असती, रडली असती, तर चिमीला बरं वाटलं असतं. आई खालच्या पायऱ्यांकडे बघत होती, अजून किती आहेत ते मोजत असल्यासारखी. मग तिने दुखरा पाय पुढे टाकला, लेकीचा दंड घट्ट धरला, आणि कारखान्यातल्या त्या जुन्या, कामाच्या आवाजात विचारलं,

"अशा किती?"